गाफील माणसाची एक खेप

फाशाला सहाच बाजू असतात, हे मी चांगली मोठी होईपर्यंत धरूनच चालले होते. आमच्या घरात फासा म्हणजे सापशिडीचा, तोही एका कोपऱ्यात उंदराने कुरतडलेला. त्यामुळे बापूकाकांनी त्या मे महिन्यात ट्रंकेतून कापडी पिशवी काढून माझ्या ओंजळीत उलटी केली, तेव्हा मला आधी त्या गोळ्याच वाटल्या. लाल, पिवळ्या, निळ्या. एक चार बाजूंचा, देवळाच्या शिखरासारखा टोकदार. एक आठ बाजूंचा. आणि एक जवळजवळ गोलच, वीस बाजूंचा, टाकला की पडवीभर गडगडत जाऊन थेट पायपुसण्याखाली शिरणारा. तो वीस बाजूंचा अजून माझ्या शिवणाच्या डब्यात आहे. सुई शोधताना हाताला लागतो आणि माझं शिवण तिथंच राहतं, कारण मग मी हे सगळं आठवत बसते.

बापूकाका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. मालवाहू बोटीवर होते. बोटीवरची मुदत संपून, साइन ऑफ होऊन घरी आले की त्यांची ट्रंक उघडायचा एक सोहळाच व्हायचा. साबणाचा, डांबराच्या गोळ्यांचा आणि कसल्यातरी परक्या तेलाचा वास पडवीभर पसरायचा. आईला नायलॉनची साडी, बाबांना दाढीचं सामान, माझ्या धाकट्या भावाला, बाळ्याला, छातीवर इंग्रजी अक्षरं असलेला बनियन. त्या खेपेला मला मात्र एक फाटका खोका मिळाला. आत कव्हर गेलेलं इंग्रजी पुस्तक आणि ही फाशांची पिशवी. बोटीवरच्या एका गोऱ्या रेडिओ ऑफिसरने जाताना काकांना दिला होता म्हणे. बंदराबाहेर नांगर टाकून दिवसच्या दिवस थांबायला लागलं की तो सगळ्यांना घेऊन हा खेळ खेळवायचा.

"पण पट कुठाय?" बाळ्याने खोका उलटासुलटा करून पाहिला.

"पट नाय," काका म्हणाले. "पट डोक्यात. एकानं सांगायचं, भुयारात शिरलात, समोर भूत हाय. बाकीच्यांनी सांगायचं, आम्ही काय करतो. लागलं की नाय ते फासा सांगनार."

"आणि हिला कशाला दिलात? मला द्यायचात ना."

"तुला वाचता येत नाय, मेल्या. इंग्रजीत नापास झालास ना?"

तर असा तो खेळ माझ्या पदरात पडला, माझ्या इंग्रजीमुळे. ते इंग्रजी तरी कुठलं, तर दहावीपर्यंतचं. दहावीनंतर माझी शाळा थांबली होती. बाबा बंदर खात्यात कारकून, पगार बेताचा, आणि बाळ्याला पुढे शिकवायचं हे ठरलेलं. त्यावर माझी फार तक्रार नव्हती, कारण मला टायपिंगच्या क्लासला जायला मिळत होतं. बाबांच्या मते तो क्लास म्हणजे लग्न ठरेपर्यंतचा विरंगुळा. माझ्या मते तो माझा पुढचा सगळा जन्म होता. इंग्रजी टायपिंगची सरकारी परीक्षा द्यायची, पास व्हायचं, कुठल्यातरी हापिसात टेबल मिळवायचं, आपल्या टेबलावर आपली पाण्याची बाटली. मी इतकंच मागत होते. हे मी घरात कोणाला बोलले नव्हते. फक्त रझियाला माहीत होतं. रझिया आमच्या शेजारची, माझ्याच वयाची, वडील कुवेतला. क्लासला आम्ही जोडीनं जायचो आणि परत येताना वाटेत दोघी मिळून हवेत बोटं नाचवत टाइप करायचो. लोक बघायचे. बघू देत.

त्या महिन्यात आमचं खळं, म्हणजे पुढचं अंगण, आंब्याच्या पेट्यांनी भरलेलं असायचं. शेजारचे बागायतदार आमच्या खळ्यात पेट्या भरायचे, कारण आमच्याकडे सावली होती. दिवसभर हातोडीचा आवाज, ठक्‌ ठक्‌ ठक्‌, आणि पेंढ्याचा वास. आई आत चुलीपाशी. बांगड्याचं तिखलं उतरवून झालं की त्याच निखाऱ्यात फणसाच्या आठळ्या भाजायला टाकायची. आम्ही पडवीत गोल करून बसलेले, मध्ये ताटली पालथी घातलेली, कारण शेणाच्या जमिनीवर फासा नीट उड्या मारत नाही. आठळ्या सोलत सोलत आम्ही किल्ल्याखालच्या भुयारात शिरायचो.

खेळ सांगणाऱ्याला इंग्रजीत काहीतरी लांबलचक नाव होतं. आम्ही त्याला खोत म्हणायला लागलो. सगळी जमीन त्याची, सगळी भुतं त्याची, आणि त्याच्या शब्दापुढे कोणाचं चालायचं नाही. म्हणजे मी खोत. पुस्तकातले राक्षस आमच्या ओळखीचे नव्हते, म्हणून मी त्यांच्या जागी आमचे घातले. खाडीच्या तोंडाशी गिऱ्हा. आता गिऱ्हा कोण हे नव्या पोरांना सांगावं लागतं. तो पाण्यातला. संध्याकाळी एकट्या माणसाला ओळखीच्या आवाजात हाक मारून खोल पाण्याकडे नेणारा. आमच्या लहानपणी तो इतका खरा होता की त्याचं नाव दिवेलागणीला घ्यायचं नाही.

पहिले दोन दिवस नुसती भांडणं. "मी आधी मारलं." "मी आधी पळालो." "तू मेलेला होतास, तू कसा पळालास?" शेवटी मी पुस्तक घेऊन बसले. त्यात लढाईचे भाग पाडलेले होते, एका भागात प्रत्येकाने एकच काहीतरी करायचं. त्या भागाला मी आधी 'पाळी' म्हटलं. "आता कोणाची पाळी?" असं मी मोठ्यानं विचारलं मात्र, आतून आईचा झारा आपटल्याचा आवाज आला. "काय बोलतंयस गो पडवीत बसून? काका बसलेत, पेटीवाले बसलेत!" रझिया हसून हसून आडवी. मग पेट्या वाहणाऱ्यांकडे बघून मी 'खेप' हा शब्द घेतला. पहिली खेप, दुसरी खेप. तो शब्द घरात सगळ्यांना चालला.

दुसरा नियम मला फार आवडला होता. खेपेच्या सुरुवातीला दोन्ही बाजूंनी एकेक फासा टाकायचा. ज्याचा मोठा, त्याचा वार आधी. सारखे पडले तर दोघांचे एकदम. पण तो फासा टाकायच्या आधी प्रत्येकाने बोलून दाखवायचं, मी या खेपेला काय करणार ते. एकदा बोललं की बदलायचं नाही. आम्ही त्याला बोली म्हणायचो, जेटीवर मासळीची लागते तशी. बाळ्या बोली करायचा, "मी लांबून भाला टाकणार." फासा गिऱ्ह्याचा मोठा यायचा, गिऱ्हा आधीच याच्या उरावर बसलेला असायचा, आणि हा ओरडायचा, "मग मी सुरा काढतो!" मी म्हणायची, "नाय. बोली झाली." आपला वार आधी पडणार की नंतर ते माहीत नसताना बोलायचं, यात त्या नियमाची सगळी गंमत होती. दुसरा काय करतो ते बघून मग आपलं ठरवणारा माणूस त्या खेळात लबाड ठरायचा. खेळाबाहेर त्याला सोशिक म्हणतात, समजूतदार म्हणतात. मलाही पुष्कळ जण म्हणायचे.

आणि तिसरा नियम. तिथे मी शेण खाल्लं. पुस्तकात लिहिलं होतं की भूत आणि माणसं समोरासमोर आली की आधी फासा टाकायचा, आणि एक किंवा दोन पडले तर ती बाजू 'सरप्राइज्ड', तिने ती खेप काही करायचं नाही. मी डिक्शनरीत पाहिलं. आश्चर्यचकित, विस्मित. झालं! मी नियम लावला की एक किंवा दोन पडले तर त्या माणसांना आश्चर्य वाटलं, त्यांनी हात खाली सोडून उभं राहायचं आणि काय बघून आश्चर्य वाटलं ते सांगायचं. रझियाला हे फार जमायचं. गिऱ्हा पाण्यातून वर आला की ती म्हणायची, "त्याच्या केसांतून शेवाळ गळतंय, आणि त्याच्यात लुकलुक करणारे किडे हायत, दिवाळीसारखे." मग आम्ही सगळेच एक खेप गिऱ्ह्याकडे बघत राहायचो. बाळ्या चिडायचा. "भुताला बघून कोन वा वा करतो काय गो?" पण नियम म्हणजे नियम.

एक दिवस बापूकाका बाजारातून तिसऱ्यांचे शिंपले घेऊन आले आणि पिशवी हातात घेऊन तिथेच उभे राहिले. ऐकलं, आणि त्यांना इतकं हसू आलं की पिशवीतलं पाणी पडवीभर सांडलं.

"अगो शालू, आश्चर्य कसलं? आश्चर्य नाय ते. समज, तू पाठमोरी हायस, चूल फुंकतंयस, आनि मागनं कोनतरी आलं. तुला पत्ताच नाय. ते."

"म्हणजे गाफील!" रझिया एकदम म्हणाली. "माझी अम्मी म्हणते. दूध उतू गेलं की म्हणते, गाफील ऱ्हायलीस."

"बरोब्बर. गाफील," काका म्हणाले आणि पायरीवर टेकले. मग जरा थांबून जे बोलले ते मला जसंच्या तसं आठवतं. "पन एक ध्यानात ठेवा. गाफील मानसाची एकच खेप जाते. तेवढी जाऊ द्यायची. जीव सांभाळायचा, गप ऱ्हायचं. दुसऱ्या खेपेला तोही फासा टाकतो, बरोबरीनं. पोरं काय करतात, पहिली खेप गेली की सगळंच गेलं म्हणून हत्यार टाकतात. आमच्या बोटीवर मोठी मोठी मानसं टाकायची."

आत इतका वेळ आईचं काम चाललेलं होतं. तिचा झारा थांबला होता, हे मला तेव्हा लक्षात आलं नाही. आता, इतक्या वर्षांनी, तो न आलेला आवाज मला ऐकू येतो.

त्यानंतर लवकरच एका दुपारी, आम्ही भुयारात पार आत असताना, आई दारात आली. "शालू, ऊठ. तोंड धू, आनि ती नायलॉनची नेस."

"तुझी नवी? कशाला?"

"पाव्हणे आलेत. राजापूरचे. आंबे घ्यायला आलेत."

मी उठले, तोंड धुतलं, साडी नेसले. राजापुराहून कोणी आमच्या रत्नागिरीला आंबे घ्यायला येतं का हो? त्यांच्या परड्यात पडून कुजत असतात. पण मला त्याचं काही वाटलं नाही. मी कोकम सरबताचे पेले घेऊन बाहेरच्या खोलीत गेले आणि तिथे बाबांशेजारी दोन पुरुष आणि एक बाई बसलेली, बाईची नजर माझ्या पायाच्या अंगठ्यापासून वर वर चाललेली, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत एक मुलगा, हातरुमालाची घडी घालत, मोडत, पुन्हा घालत. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. एक पडला होता. मी गाफील.

ओरडावं, पेले टाकून पळावं, रडावं, सगळं मनात आलं. पण काकांचं वाक्य डोक्यात होतं, आणि मी ती खेप जाऊ दिली. खरंच सांगते, मी मनात म्हटलं, ही खेप यांची. बाईंनी विचारलं, स्वयंपाक येतो का? येतो. मासे साफ करता येतात का? येतात. शिक्षण? दहावी. क्लासला जाते म्हणे, काही उपयोग आहे का त्याचा? त्यावर बाबाच हसून म्हणाले, "काही नाही, आपला वेळ जातो." खिडकीच्या गजाआड रझिया आणि बाळ्याची डोकी दिसत होती. बाहेर हातोडी चाललेली. मुलगा वाईट नव्हता, हे सांगायला हवं. तोही माझ्याइतकाच घामाने भिजला होता. त्यालाही कोणी आंबे घ्यायला चल म्हणूनच आणलं होतं की काय, कोण जाणे.

मग त्यांच्यातले मोठे गृहस्थ, मुलाचे मामा, पेला खाली ठेवून म्हणाले, "आमच्याकडून काही हरकत नाही. पावसाच्या आधी उरकून टाकू. आमच्याकडे आल्यावर ते टकटक बिकटक बंद, एवढंच. बोला, तुमचं काय?"

ती दुसरी खेप. आता सगळे बाबांच्या तोंडाकडे बघणार, बाबा एकदा हो म्हणाले की मग मी काय ते म्हणायचं, आणि ते कोणी धरायचं नाही. माझी बोली झालेलीच नव्हती. हे फासा पडायच्या आधी बोलायला हवं होतं, कोणाचा मोठा येणार ते माहीत नसताना.

"बरं तर—" बाबा म्हणाले.

"बाबा—" मी म्हणाले.

दोघांचं एकदम. फासे सारखे पडले होते. बाबा बोलायचे थांबले, मी नाही थांबले. "बाबा, मी टायपिंगच्या परीक्षेला बसणार आहे. ती पास होऊन नोकरी मिळेपर्यंत मला लग्न करायचं नाही. यांना उगीच ताटकळत ठेवू नका."

एवढंच. माझा आवाज मलाच परका वाटला. बाहेर हातोडीसुद्धा थांबली, खिडकीतून ऐकत होते मेले. आणि तेव्हा मी पाहिलं की खोलीत सगळे गाफील आहेत. मामांचं तोंड उघडं. बाईंचा पेला अर्ध्यावर. बाबा तर असे बघत होते की जणू त्यांना कोणीतरी मागून धक्का दिलाय. एक अख्खी खेप कोणीही काही केलं नाही.

"मुलगी बोलकी आहे हो तुमची," अखेर बाई म्हणाल्या. त्याचा अर्थ काय ते सगळ्यांना कळलं.

मी बाबांकडे बघत राहिले. ते हो म्हणाले असते तर मी काय केलं असतं, ते मला आजही माहीत नाही. माझी एकच बोली होती आणि ती करून झाली होती. बाबांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा घातला. मग मला म्हणाले, "परीक्षा कधी आहे?"

पाहुण्यांना कळलं. मामा उठले. बापूकाकांनी तेवढ्यात बाहेरून एक पेटी उचलून आणली आणि गंभीर चेहरा करून म्हणाले, "आंबे घ्यायला आला होतात ना? हे घ्या." आणि त्या माणसांना रत्नागिरीचे आंबे घेऊन राजापूरच्या एसटीत बसावं लागलं. जाताना मुलाने माझ्याकडे पाहिलं. सुटल्यासारखं पाहिलं, असं मला वाटलं. मला वाटलं, बरं का. खात्री नाही.

मी ती परीक्षा दिली, पास झाले, टेबल मिळालं, पाण्याची बाटली मिळाली. लग्नही पुढे झालं, बोलून, विचारून झालं. ते सगळं दुसरीकडे सांगण्यासारखं. मला त्या संध्याकाळचं सांगायचंय.

संध्याकाळी आई माझ्याशी बोलत नव्हती. भांडी घासताना भांड्यांशी बोलत होती. मी राख द्यायला गेले तेव्हा म्हणाली, "मला आधी सांगायचंस. चारचौघांत माझी मान खाली घातलीस."

"तू मला आधी सांगितलंस?"

आईचा हात टोपात तसाच राहिला. मला वाटलं, आता पाठीत बसणार. पण ती खाली टोपाकडेच बघत म्हणाली, "मला कोनी सांगितलंन होतं? भाताच्या लावणीत होते मी. गुडघ्यापर्यंत चिखल. हाक मारलीनी, पाय धू म्हणाले, पाट मांडलेला. माझी खेप गेली ती गेलीच. दुसरी असते हे मला काय माहीत?"

खेप. माझी आई 'खेप' म्हणाली. इतके दिवस ती चुलीपाशी बसून खेळत होती, आणि आम्हाला पत्ता नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही ताटली पालथी घालून बसलो, तर आई पदराला हात पुसत आली आणि रझियाशेजारी मांडी घालून बसली. कोणाकडे न बघता म्हणाली, "मला पन घ्या." बाळ्या हसायला लागला, काकांनी त्याच्या टाळक्यात एक ठेवून दिली आणि म्हणाले, "वहिनी, पहिल्यांदा बोली करायची. तुमच्या समोर खाडी, तिन्हीसांजेची वेळ, पाण्यातनं गिऱ्हा वर आलाय. तुम्ही काय करनार?"

आई विचार करत बसली. तिला कोणी असं विचारलं नसावं. आम्हीही कोणी घाई केली नाही.

"मी त्याला विचारनार," आई म्हणाली, "जेवलास काय रे?"

बाळ्या लोळायला लागला. रझियाने तोंडावर ओढणी धरली. पण मी खोत होते आणि बोली झाली होती. गिऱ्ह्याच्या वतीने मी फासा टाकला. तो ताटलीवर उडाला, फिरला, एक पडला.

"गाफील!" बाळ्या ओरडला. "आई, गिऱ्हा गाफील! हाण त्याला!"

"नाही," मी म्हटलं. "जुना नियम." आणि मी हात खाली सोडले आणि सांगितलं की गिऱ्हा पाण्यात उभा आहे, केसांतून शेवाळ गळतंय, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला कोणीतरी विचारलंय, म्हणून तो आश्चर्याने बघत राहिलाय. ती अख्खी खेप तो आईकडे बघत राहिला. आम्हीही.